दुसऱ्याच्या तारखा

मुली हल्ली माझ्याकडे सल्ला मागायला येतात. वकिली करावी, की जज्जची परीक्षा द्यावी? फौजदारी झेपेल का? मी आधी एवढंच सांगते, दुसऱ्यासाठी तारखा मागत आयुष्य घालवू नका. मी मागितल्यात, म्हणून सांगते, आणि सांगताना अजून डोकं तापतं.

मी अमरावतीची, माझे पहिले सिनियर वकील अकोल्याचे. रोज एसटीनं अपडाऊन. ऑफिसातल्या पोरांना सर उलटतपास घ्यायला द्यायचे आणि मला पाठवायचे तारीख मागायला. "पोरगी उभी राह्यली की जज्जसाहेब नाई म्हनत नाई," असं चारचौघांत हसून सांगायचे. फुकटचे सल्ले तर पोत्यानं मिळत. बाररूममधले एक काका म्हणत, "बाई, तू घटस्फोटाच्याच केसेस घे. बायकायचं रडनं बायकायनंच आयकावं." अंगाचा तिळपापड व्हायचा.

बाळापूरची एक आपा आमची पक्षकार होती. वडील गेल्यावर शेतातला हिस्सा मागत होती. भावाचं म्हणणं, वडिलांच्या चाळिसाव्याला, म्हणजे मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाला, हिनं बैठकीत जमलेल्या लोकांसमोर तोंडी हिस्सा सोडला. त्या भावाचा उलटतपास होता आणि सर दुसऱ्या कोर्टात अडकले होते. मी सवयीनं तारीख मागितली.

"पुरे झाल्या तारखा," जज्जसाहेब म्हणाले. "उलटतपास घ्या, नाहीतर बंद करतो."

बंद झाला असता तर भावाची साक्ष जशीच्या तशी खरी धरली गेली असती आणि आपाचं शेत गेल्यात जमा होतं. आपा मागून कुजबुजली, "मॅडम, तुमीच बोला ना. वकीलपत्रावर तुमची बी सही हाये न?"

होती, सरांच्या सहीखाली. शिवाय दावा मीच लिहिला होता. मी पुढे झाले.

"बैठकीत कोण कोण होतं?"

"मामू, चाचा, मोहल्ल्यातले लोक."

"तुमची बहीण कुठे होती?"

"अंदर, सैपाकघरात. एवढ्या लोकायचं जेवन होतं न."

"मग हिस्सा सोडते, असं बैठकीत कोण म्हणालं?"

"मीच म्हनलो. बाईमानूस बैठकीत कायले बोलन?"

साक्षीत ते जसंच्या तसं उतरलं. त्याच्या वकिलानं कपाळाला हात लावला. मला मात्र जिंकल्यासारखं वाटलं नाही, संताप आला. बहिणीच्या वतीनं बोलणारा तो आणि माझ्या वतीनं बोलणारे आमचे सर, एकाच माळेचे मणी. आपा बाहेर आल्यावर माझा हात धरून उभी राहिली.

संध्याकाळी ऑफिसात सर सगळ्या पोरांसमोर कडाडले. "कोनाले इचारून उभी राह्यली तू? माही केस हाये ते!"

"केस आपाची हाये, सर."

"लय शहानी झाली. उद्यापासून येऊ नको."

खोटं कशाला बोलू, अमरावतीत घरी काय सांगायचं, दुसरा सिनियर कोण घेणार, काहीच ठाऊक नव्हतं. मी खुर्चीवरचा काळा कोट उचलून अंगात घातला.

"ऑफिसात नाई येत, सर. कोर्टात त येईनच. ते काई तुमच्या घरचं नाई."