शिंपीणकाकूंचं ‘उद्या या’

पूर ओसरल्यावर आम्ही चाळीस कुटुंबं शाळेच्या हॉलमध्ये राहत होतो. तिसऱ्याच दिवशी बातमी पसरली, शिंपीणकाकू लोकांच्या वस्तू ढापते. बेकरीवाली तर हात नाचवत सांगायची, “अगं बाई, कंगवासुद्धा सोडत नाही! गोड बोलून मागते आणि मग म्हणते, उद्या या.”

‘उद्या या’ मात्र मला लगेच पटलं. माझा एकही फ्रॉक या बाईने कधी वेळेवर दिला नव्हता. ओठांत टाचणी धरायची, मान वर करायची नाही आणि नाकातून म्हणायचं, “काजं-बटणं राहिलीत, उद्या या.” ही नक्कल मी केली की हॉल खो खो हसायचा. काकूही हसायच्या, टाचणी न पाडता.

वस्तू काकूंकडे होत्या हे खरं, पण ढापलेल्या नव्हत्या. त्यांच्या शिलाई मशीनखालच्या पेटीत सतरा नग होते. प्रत्येकाला एक चिंधी टाचलेली, चिंधीवर मालकाचं नाव आणि उद्याची वेळ. हॉलमध्ये जो बोलेनासा व्हायचा, त्याच्याकडून काकू काहीतरी उसनं आणायच्या. ते परत घ्यायला त्याला उठून यावंच लागायचं. आला की काकू बसवून घ्यायच्या. वेळ टळली तर वस्तू घेऊन स्वतःच त्याच्या चटईपाशी जायच्या.

“मागून कशाला? मदतवाले देतायत की सगळं,” मी म्हटलं.

“देतात गं. पण घेऊन घेऊन माणूस आणखीनच खाली बसतो. माझ्याशी भांडायला तरी उठेल.”

घड्याळवाले आजोबा काही भांडणाऱ्यातले नव्हते. पुरात त्यांची बायको गेली, दुकानही गेलं. भिंतीवरच्या शाळेच्या टोले देणाऱ्या घड्याळाखाली ते आठ दिवस बसून होते, एकदाही वर न बघता. नवव्या दिवशी त्यांनी रेडिओ एकाला दिला, चांगले बूट दुसऱ्याला. सगळे म्हणाले, किती मोठं मन! काकूंनी मशीन थांबवलं.

आजोबांजवळ जाऊन बसल्या. “अहो घड्याळवाले, तुमचं ते डोळ्याला लावायचं भिंग द्या. मशीनमध्ये काहीतरी अडकलंय.”

“ठेवून घे. मला नको आता.”

“ठेवून घ्यायचं असेल तर मला नको. उसनं द्या. उद्या चारच्या आत येऊन घेऊन जा.” मग छातीचं माप विचारावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, “जीव द्यावासा वाटतोय का?”

बेकरीवालीच्या हातातला कप तसाच राहिला.

“वाटतं,” ते म्हणाले.

“बरं झालं सांगितलंत.” काकू तिथून हलल्या नाहीत. मला मात्र पिटाळलं, “पळ, मदत केंद्रातल्या नर्सबाईंना घेऊन ये. आत्ताच यायचंय म्हणावं.”

नर्सबाई आल्या, आजोबांशी तासभर बोलल्या, सकाळी डॉक्टरांकडे नेण्याचं ठरवून गेल्या. काकूंनी एका चिंधीवर पाळ्या लिहिल्या. आजोबांना एकटं सोडायचं नाही, पहिली पाळी बेकरीवालीची. ती हात न नाचवता गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा नर्सबाईंबरोबर डॉक्टरांकडे जाऊन आले आणि पुन्हा भिंतीला टेकले. साडेतीन वाजले तरी तसेच.

“नाही येत ते,” मी काकूंना म्हटलं. “पैज. चारच्या आत येणार नाहीत.”

“लाव. हरलीस तर आठ दिवस नक्कल बंद. आणि रोज चार ते पाच त्यांच्याजवळची पाळी तुझी.”

“आणि मी जिंकले तर?”

“तर मीच भिंग घेऊन जाईन. तुझं काय ते मग बघू.”

भिंतीवर चारचे टोले पडले. काकूंनी पेटीतून भिंग काढलं, चिंधी सोडवली. चार वाजून पाच मिनिटांनी त्या उठणार, एवढ्यात आजोबाच समोर उभे. मागे नर्सबाई.

“दे इकडे. आणि ते मशीन उघड, बघू काय अडकलंय,” आजोबा म्हणाले.

“उशीर झाला!” मी ओरडले. “चार वाजून गेले, मी जिंकले!”

आजोबांनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. “ते घड्याळ नऊ मिनिटं पुढे आहे. बाराचे टोले आधी पडतात, दुपारचा भोंगा मग होतो. ऐकत नाहीस का?”

नर्सबाईंनी मोबाइल पाहिला. तीन छप्पन्न.

“बस त्यांच्याजवळ,” काकू ओठांतल्या टाचणीआडून मला म्हणाल्या. “चार वाजतच आलेत, तुझी पाळी.”