अष्टमीची खुर्ची

दुर्गापूजा जवळ आली की पुण्याच्या नातेवाइकांना कोलकात्यातल्या श्रीकांतची हटकून आठवण येते. बँकेतला अधिकारी, सॉल्ट लेकमध्ये ऐसपैस क्वार्टर, मग हॉटेल कशाला? यंदा त्याची बहीण लीना नवरा आणि दोन मुलांसह दहा दिवसांसाठी उतरली होती.

श्रीकांतच्या घरी घट बसतात. नऊ दिवस अखंड दिवा, आणि त्याच्यापाशी घरात कुणीतरी हवंच. हे ‘कुणीतरी’ म्हणजे त्याची बायको शकुन, हे पाच वर्षं न बोलताच ठरलेलं. त्यात तिचे नऊ दिवसांचे उपास. ओट्यावर एकीकडे तिची भगर, दुसरीकडे पाहुण्यांच्या पोळ्या. मंडळी संध्याकाळी नटूनथटून बाहेर पडत, आल्यावर फोनवर तिला देवीचे फोटो दाखवत. ती ‘छान’ म्हणे आणि पानं घेई.

पण डिसेंबरात नागपूरला बदली ठरली होती. ही इथली शेवटची पूजा. म्हणून श्रीकांतनं कबूल केलं होतं, अष्टमीला दिव्यापाशी मी बसतो, तू जा.

अष्टमीला पाच वाजता शकुन काठाची साडी नेसून बाहेर आली, तर श्रीकांत बूट घालत होता.

“लीनाला रस्ते कुठे ठाऊक आहेत गं? तू उद्या जा.”

“वहिनी, उद्या नक्की हं,” लीना म्हणाली.

शकुनला एवढा संताप आला की तिचं तिलाच नवल वाटलं.

“दिव्यात तेल घातलंय. कोणी बसायचं ते तुम्ही भावंडं ठरवा,” ती म्हणाली, आणि चपला घालून निघाली.

जाणार कुठे? वसाहतीतल्याच मंडपात गेली. ढाक, ते बंगाली ढोल, कडाडत होते, धुपाचा धूर कोंदला होता, देवीपुढे ही गर्दी. शेजारच्या मुखर्जीकाकूंनी तिचं तोंड बघितलं आणि प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली. जरा गर्दी हटली की देवी नीट बघू, असं म्हणता म्हणता शकुनची मान कलंडली.

तासाभरानं श्रीकांत शोधत आला.

“शकुन, ऊठ. लीना कंटाळली दिव्यापाशी. मुलांना भूक लागलीय.”

“सोने दीजिए ना उसको!” मुखर्जीकाकू खेकसल्या. “दिखता नहीं, कितना थक गया है?”

श्रीकांत एक पाऊल मागे सरला.

शकुनला केव्हाच जाग आली होती. पाच वर्षांत तिच्या बाजूनं पहिल्यांदा कुणी बोललं होतं, मोडक्या हिंदीत का होईना. डोळे भरून आले, पण उघडले असते तर उठावं लागलं असतं. तिनं ते घट्ट मिटून घेतले.