रहीमचाचांचा काळा अंगठा

रहीमचाचा दुरुस्त केलेला फवारणी पंप लगेच कधी हातात देत नसत. आधी त्यात साधं पाणी भरायचे, स्वतःच्या पाठीवर अडकवायचे आणि पांढरकवड्याच्या भर बाजारात एक चक्कर मारून यायचे. सदरा कोरडा राहिला तरच पंप मालकाला मिळे. "माह्या पाठीवर गळला नाही, तवाच तुह्या पाठीवर," म्हणायचे. लोक हसत, घाईतले वैतागत. चाचांना दोन्हीचा सारखाच आनंद होई.

बोंडअळीच्या त्या वर्षांत मी मोबाइलसाठी एक प्रोग्रॅम तयार करत होतो. कापसाच्या बोंडाचा फोटो काढला की आत अळी आहे की नाही, ते तो सांगणार होता. त्याला शिकवायला शेकडो फोटो लागत. चांगल्या बोंडांचे मी शेतात, झाडावरच काढले. किडकी बोंडं मात्र शेतकरी पंपासोबत चाचांच्या दुकानात आणत. चाचा एकेक चिमटीत धरत आणि मी फोटो काढी. त्याच्या बदल्यात ते माझी यथेच्छ टिंगल करत. "साहेब मशीनले शाळेत घालून राह्यला. डबा देल्ला का तिले?"

यंत्र शिकलं. मी खुशीत अकरा शेतकऱ्यांच्या मोबाइलवर ते घालून दिलं.

त्याच आठवड्यात सुलोचनाबाई दुरुस्तीला दिलेले दोन पंप न्यायला, शेतातलं एक बोंड घेऊन दुकानात आल्या. चाचांनी सवयीनं बोंड चिमटीत धरलं, मी फोटो काढला. उत्तर आलं, 'अळी आहे. फवारणी करा.' बाई तयार असलेला एक पंप घेऊन तडक शेतावर गेल्या. तिथं त्यांचा नवरा, मधुकर, वाट बघत होता.

चाचांनी सहज ते बोंड फोडलं. आत अळीचं नाव नाही. ते बोंडाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मग बोंड बाजूला ठेवून त्यांनी वंगणानं काळाकुट्ट झालेला आपला रिकामा अंगठा मोबाइलसमोर धरला.

"काढ फोटो."

'अळी आहे. फवारणी करा.'

"या अल्ला," चाचा गंभीरपणे म्हणाले, "माह्या अंगठ्याले बोंडअळी."

किडक्या बोंडाच्या प्रत्येक फोटोत तो अंगठा होता, चांगल्या बोंडांच्या एकाही नाही. यंत्र अळी ओळखायला शिकलंच नव्हतं, चाचांचा अंगठा ओळखायला शिकलं होतं. मी पुटपुटलो, "ते आपलं आपण शिकतं, चाचा. असं उलटं शिकेल हे मला काय माहीत?"

"अंगठा माहा होता. पन शाळा तं तुही होती ना?"

बाईंचा फोन लागेना. चाचांनी दुसरा पंप पाण्यानं भरून माझ्या पाठीवर चढवला. "हाही पोचवून देऊ, टेस्ट बी होते." आणि मला मोपेडवर मागं बसवलं.

शेतात मधुकर उघड्या हातांनी काडी धरून बादलीत औषध कालवत होता. नाकाला नुसता रुमाल. फवारताना विष भिनून माणसं दवाखान्यात पोचण्याचे ते दिवस होते. मी धावतच ओरडलो, "थांबा, यंत्र चुकलं."

चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "यंत्र नाही. नीट सांग."

"मी चुकलो," मी म्हणालो. मधुकरनं हातातली काडी खाली ठेवली. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आणि तेव्हाच कळलं की माझी पाठ कमरेपर्यंत भिजली आहे. निघताना चाचांनी पंपाचा वायसर मुद्दाम ढिला केला होता. मी भडकलो.

"पानी होतं म्हनून चिडून राह्यला," चाचा शांतपणे म्हणाले. "औषध असतं तं?"

संध्याकाळपर्यंत मी अकराही घरी जाऊन, कारण सांगून, तो प्रोग्रॅम काढून टाकला. यंत्राला पुन्हा शिकवायच्या वेळी चाचांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या चिमटीत बोंड दिलं, चांगलंही आणि किडकंही. सुलोचनाबाईंच्या बांगड्यासुद्धा त्या फोटोंत आहेत.

चाचा जाऊन चार वर्षं झाली. त्या दिवशी मी लहान मुलासारखा रडलो. आजही नवं काही तयार केलं की लोकांना देण्याआधी मी अंगठ्याला वंगण फासतो आणि यंत्राला दाखवतो. उत्तर बरोबर आलं तरी हात आपसूक मागं जातो आणि सदरा कोरडा आहे ना, ते चाचपून बघतो.