जावयांची बिलावरची झोंबाझोंबी

इपोहमधले आमचे शेजारी ऊई बाक चाय, म्हणजे ऊईकाका. दुकान नळ-खिळ्यांचं, पण काळीज राजाचं. तिन्ही जावयांना त्यांनी स्वतःच्या क्रेडिट कार्डाच्या खात्यावर ॲड-ऑन कार्डं काढून दिली. तेव्हापासून दर रविवारी हॉटेलात वाफवलेला मासा संपला, की बिलावरून झोंबाझोंबी सुरू.

“आज मीच देणार!”

“बाबांसमोर माझी लाज काढतोस?”

मेले बाह्या फाटेस्तोवर ओढायचे. कोणीही जिंको, पैसे गेल्याचा मेसेज काकांच्याच खिशात वाजायचा.

परवा धाकटा गुपचूप बिल देऊन आला. खिसा गप्प. काकांनी फोन काढून उलटापालटा केला, कानाशी हलवला.

“बाबा, आज मी पदरचे दिले,” धाकटा म्हणाला.

काका दचकले. “का रे, माझं कार्ड चालेना की काय?”