रशीदचाचांनी धरून ठेवलेला कॉम्प्युटर

यास्मिनच्या घरी तिचा कॉम्प्युटर माझ्यासमोर पुन्हा बंद पडला. स्क्रीन काळी झाली.

"मॅडम, पाचपर्यंत अपलोड झालं नाही तर मी बाद," ती म्हणाली.

माझं दौंडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. यास्मिन शेख ॲनिमेशन शिकलेली. पुण्याच्या एका स्टुडिओने नोकरीसाठी तिला छोटी फिल्म करायला दिली होती. फिल्म झाली होती, रेंडरिंग राहिलं होतं. म्हणजे कॉम्प्युटरने एकेक चित्र पूर्ण रंगवून काढायचं. त्यात प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य चिप, सतत पूर्ण ताकदीने चालतो आणि तापतो. फारच तापला की मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं.

या प्रोसेसरला लिक्विड कूलिंग होतं. त्याच्यावर बसवलेला छोटा पंप गरम पाणी नळीतून रेडिएटरकडे ढकलतो. तिथं पंखे ते थंड करतात आणि दुसऱ्या नळीतून ते परत येतं.

"पाणी आन् करंट एका डब्यात," दारात उभे असलेले तिचे वडील, रशीदचाचा, म्हणाले. "मला हे पटलंच न्हाई कवा."

प्रोसेसर आणि पंपाच्या मध्ये उष्णता नीट जावी म्हणून पेस्ट लावतात. ती वाळली असणार, असं मी धरून चालले. पुसून नवी लावली. रेंडरिंग सुरू केलं. तापमान पुन्हा शंभराकडे धावलं आणि मशीन बंद. दुपार निम्मी सरली होती. नवा कूलर, म्हणजे पंप-नळ्यांचा हा सगळा संच, पुण्याहून येणार, तोही उद्या.

"स्पीड कमी करून चालवला तर?" यास्मिनने विचारलं.

"चालेल. पण पाचला होणार नाही."

ती खाली बसली.

मशीन पुन्हा चालू करून मी नळ्यांना हात लावला. एक चांगलीच गरम, दुसरी थंडगार. पाणी फिरतच नव्हतं. पण पंप बोटाखाली थरथरत होता, स्क्रीनवर त्याचा स्पीडही बरोबर दिसत होता. कान लावला. आत खरखर. पंपात हवा अडकली होती.

"कॉम्प्युटर कुणी हलवला होता का?"

"फरशी पुसाया म्या काल पलंगावर आडवा टाकला व्हता," चाचा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. "माझ्यामुळं झालं व्हय, ताई?"

"नाही, चाचा. जुन्या कूलरमधलं पाणी थोडं थोडं उडून जातं, तिथं हवा धरते. ती फक्त सरकून पंपात आली."

हवा वर चढते. ती पंपातून निघून रेडिएटरमध्ये जायला हवी होती. रेडिएटर वरच्या बाजूला येईल असा कॅबिनेट कलता करायचा होता. पण नळी जुनी. गळली तर सगळं मशीन जाणार. आधी फिल्मची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली.

"करू?"

यास्मिनने वडिलांकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "करा."

चाचांनी आणि मी मिळून कॅबिनेट हळूहळू कलता केला. गुळगुळ आवाज झाला. मग शांत. थंड नळी कोमट होऊ लागली. तापमान सत्तरवर उतरलं. सरळ ठेवून पाहिला, तर खरखर पुन्हा सुरू. म्हणजे कलताच ठेवायला हवा होता.

चाचांनी खाली पलंगावरचा लोड सरकवला आणि दोन्ही हातांनी कॅबिनेट धरून बसले. मी रेंडरिंग पुन्हा सुरू केलं. पंख्याचा आवाज जरा वाढला की माझ्याकडे बघायचे.

"ठीक आहे, चाचा."

"व्हय ना? नक्की?"

रेंडरिंग संपलं. अपलोड शेवटाला येऊन अडकलं. मग पाचला काही मिनिटं असताना स्क्रीनवर फाइल मिळाल्याचा मेसेज आला आणि चाचांनी हात सोडले. बोटं आखडली होती.

यास्मिनला ती नोकरी लागली. तिच्या मशीनला मी साधा पंख्याचा कूलर बसवून दिला.

आता असं मशीन आलं की पेस्टला हात घालण्याआधी मी दोन्ही नळ्या चाचपते. स्क्रीनवर फक्त पंपाचा वेग कळतो, पाणी फिरतंय की नाही ते हातालाच कळतं.