ट्रॉलीचा लाल दिवा

आदल्या हंगामात नेरच्या अलीकडच्या वळणावर मी ट्रॅक्टरला अचानक ब्रेक मारला आणि मोटारसायकलवर मागून येणारा माझा थोरला भाऊ ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर आदळला. त्याचा हात मोडला. हाड जुळलं, भाऊही विसरला. मीच विसरत नव्हतो. कापसाच्या ट्रॉलीमागं घरचं कुणीतरी लागतंच, वरचा बारदाना सैल झाला तर सांगायला. पण यंदा येशील का, हे त्याला विचारायची माझी छाती होईना. म्हणून मी ट्रॉलीला ब्रेकचा दिवा लावायला घेतला.

पहिली वायर ताठ ओढली, ती वळताना हुकापाशी तुटली. दुसरी सैल सोडली, ती रस्त्याला घासून सोलली. तिसरी टिकली. लाल काच मिळाली नाही, तेव्हा बल्बलाच बायकोची नेलपॉलिश फासली. अंगणात पायडल दाबलं आणि फाळक्यावर लाल उजेड पडला. भाऊ म्हणाला, "येतो मांगं." मला भरून आलं. बायकोलाही, पण ते रिकाम्या बाटलीकडे पाहून.

मग आम्ही कापूस भरला. दरवर्षीसारखा तुडवून, चारी बाजूंनी फुगवून, वरून गोणपाटाचा बारदाना खालपर्यंत ताणून. बायको वर बाजूला तोंड करून बसली, पुढं मी आणि मागं भाऊ दोघंही दिसतील अशी. भावाला दिवा दिसावा म्हणून मी उगाच ब्रेक दाबत निघालो.

थोड्या वेळानं भाऊ शेजारी आला. "काहून थांबून राह्यला रे घडीघडी?"

"दिवा दिसला ना?"

"कायचा दिवा? मले बारदानाच दिसून राह्यला."

"अन् काही जळून राह्यलं," बायको वरून म्हणाली.

मी ट्रॅक्टर थांबवला, भावानं मागचा बारदाना उचलला. आत बल्ब तापला होता आणि टेकलेलं कापड तपकिरी झालं होतं. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. राखेला तर मुळीच नव्हता.

"मागच्या साली हात," भाऊ म्हणाला, "यंदा सारा कापूसच पेटवत होता."

"तू घरी जा. आम्ही जातो."

त्यानं बल्ब काढून खिशात टाकला. ठरलं असं, की ब्रेक मारण्याआधी मी ओरडायचं आणि बायकोनं हात वर करायचा. नेरच्या त्या वळणावर मी घसा फाटेस्तोवर ओरडलो. बाजारात पोचल्यावर तिला विचारलं, ऐकू आलं ना?

"इंजिनात काय ऐकू येते? ब्रेकच्या आधी तुमचे खांदे कानाले लागतात. ते पाहूनच मी हात वर करत होती."

भाऊ मागेच मोटारसायकल उभी करत होता.