डब्याच्या बाई आणि माझी डबी

डब्याच्या बाई कुणाचं दुखणं बसून ऐकत नसत. त्यांना काही सांगायचं असेल तर त्यांच्याबरोबर चालावं लागे. खांद्याला लसीचा निळा डबा, काखेत छत्री, पायात पुरुषी सँडल. एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर त्या निघाल्या की मागून एखादी बाई पदर सावरत, आपली कंबर नाहीतर डोकं सांगत पळत असे. कुणी म्हणालं, "बाई, जरा बसा ना, पाणी घ्या," तर त्या म्हणत, "बसलं की दुखणं लांबतं गो. चल, चालता चालता सांग."

त्या आमच्या उपकेंद्राच्या नर्स. शहापूर तालुक्यात शेणव्याच्या बाजूला आमचं गाव आहे, तिथे त्यांनी अठरा वर्षं काढली. त्यांचं खरं नाव फळ्यावर लिहिलेलं होतं, पण सगळे डब्याच्या बाईच म्हणत. पोरं त्यांना लांबून बघून लपायची. सुई टोचताना पोराच्या आधी बाई स्वतःच "आई गं!" असं ओरडत. पोर रडायचं विसरून त्यांच्या तोंडाकडे बघत राही, तेवढ्यात काम झालेलं असे.

त्यांचं एक बोलणं ठरलेलं होतं. कुणाच्या अंगावर गाठ दिसली, कुणाचा पाय सुजला आणि घरात रडारड सुरू झाली, की त्या उंबऱ्यातूनच म्हणत, "आधी बघू, मग भिऊ." बघायच्याही नीट. पाठवायचं असेल तिथे पाठवायच्या, आणि माणूस गेलं की नाही ते दुसऱ्या दिवशी येऊन विचारायच्या.

माझं मात्र भिणं आधीच होऊन बसलं होतं. माझं माहेर मुरबाडकडे. तिथे माझी आई विहिरीवरून हंडा घेऊन आली, हंडा खाली ठेवला, भिंतीला टेकली आणि गेली. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं. आईला कधी ताप आलेला मी पाहिला नव्हता. तिचं दिवसकार्य करून मी सासरी परत आले. पुढे थोड्याच दिवसांत, तांदूळ निवडत बसले असताना, माझ्या छातीत एक ठोका चुकला. उथळ पाण्यात मासा उसळतो तशी आत उसळी बसली, मग क्षणभर काहीच नाही, आणि नंतर गळ्यापर्यंत एक मोठा ठोका. सूप माझ्या हातातून सुटलं.

ते रोज होऊ लागलं. बसले की जास्त, आडवी झाले की आणखी जास्त. कुणाला सांगायची मला लाज. मी चौथीपर्यंत शिकले आहे, वहीत लिहून ठेवता आलं असतं, पण वही कुणीही वाचतं. म्हणून मी तंबाखूची एक रिकामी पत्र्याची डबी घेतली आणि ठोका चुकला की कणगीतला एक भाताचा दाणा तिच्यात टाकू लागले. भाताच्या दाण्यावरून कुणाला काय कळणार, असं मला वाटलं. दोन महिन्यांत अर्धी डबी भरली. डबी हलवून बघायची मला सवय लागली.

कणगीत आमच्या मालकांनी पुढच्या सालचं बियाणं ठेवलं होतं. एक दिवस मला त्यात हात घालताना त्यांनी पकडलं.

"बी कुठे नेतेस गो? कोंबड्यांना घालतेस काय?"

मी डबी पदराखाली लपवली. ते आणखीच ओरडले. तेवढ्यात दारावरून बाई चालल्या होत्या. त्या उंबऱ्यात थांबल्या, हात पुढे केला आणि मी डबी त्यांच्या हातावर ठेवली. का ठेवली ते मला आजही सांगता येणार नाही. काय आहे ते सांगताना मी रडले.

बाईंनी झाकण उघडलं, दाण्यांत बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "एवढ्या वेळा मेलीस आणि चूल पण पेटवतेस? बरी आहेस गो तू!"

मला रडता रडता हसू आलं. मग त्या गंभीर झाल्या. चक्कर येऊन पडलीस का, दम लागतो का, छातीत कळ येते का, दिवसातून चहा किती, झोप किती, सगळं विचारलं. मी नुसतीच सुकत चालले म्हणून मालकांनी मला आधी भगताकडे नेलं होतं, तेही मी सांगून टाकलं. आता ओरडतील असं वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "गेलात तर गेलात. कोंबडी कुणी खाल्ली?"

"भगताने," मालक म्हणाले.

"मग तब्येत त्याची सुधारली असंल. उद्या हिला घेऊन शहापूरला या. आधी बघू."

शहापूरच्या दवाखान्यात हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायची म्हणजे ब्लाउज काढून आडवं व्हायचं. हे कळल्यावर मी दारातूनच मागे फिरले होते. बाई सुट्टी टाकून आल्या होत्या. त्यांनी पुरुष माणसांना बाहेर काढलं, स्वतःचा पदर आडवा धरला आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "मी पण बघत नाय. झोप." रक्त तपासलं. पुढे कल्याणला छातीची सोनोग्राफी झाली आणि एक दिवस अंगाला ठोके मोजणारं यंत्र बांधून घरी वावरले. रक्त थोडं कमी निघालं, त्याच्या गोळ्या मिळाल्या. हृदय चांगलं होतं. डॉक्टर म्हणाले, असे ठोके पुष्कळांचे चुकतात, तुमच्यात धोक्याचं काही नाही, कोरा चहा कमी करा.

परतताना बाईंनी मला बजावलं, "उसळी आली तर येऊ दे. चक्कर येऊन पडलीस, कळ आली, दम लागला, तर मात्र चालत सांगायचं नाय. तडक दवाखाना."

कागद चांगला आला, पण भीती कागद वाचत नव्हती. मी डबीत दाणे टाकतच होते.

त्याच उन्हाळ्यात माझी लेक सुनी बाळंतपणाला आली. तिचं सासर वाशिंदला, जावई कारखान्यात कामाला. मुलगी झाली. मी न्हाऊ-माखूचं पाणी तापवलं, डिंकाचे लाडू केले, धुरी घातली, पण नातीला हातात घेतली नाही. आई हंडा ठेवून गेली होती. माझ्या हातात बाळ असताना मी गेले तर? आंघोळ घालायला मी शेजारच्या म्हातारीला बोलवायची. "माझे हात खरखरीत आहेत," असं सांगायची. सुनी बघत होती. दीड महिना तिने काढला आणि एक दिवस म्हणाली, "आये, मुलगी झाली म्हणून तू घेत नाय ना हिला?"

खरं सांगितलं तर ओली बाळंतीण घाबरेल, आणि नाही सांगितलं तर तिचा समज तसाच राहील. मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी बाई लस द्यायला आल्या. सुनीने माझ्यादेखत त्यांना सांगितलं, "आमची आये हिला शिवत पण नाय, बाई."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. लस दिली, "आई गं!" ओरडल्या, डबा बंद केला आणि म्हणाल्या, "वनिता, डबा उचल. माझा खांदा दुखतोय. वरच्या पाड्यावर चल."

डबा बर्फाने जड होता. "सांभाळून हां. पाड्यावरच्या पोरांच्या लशी आहेत त्यात," एवढं सांगून त्या पुढे झाल्या. चढण सुरू झाली तशी मी बोलायला लागले. आईचा हंडा, सुनीचं बोलणं, डबीतले दाणे, सगळं. मध्येच मी म्हणाले, "बाई, आता उसळी आली." त्या मागे न बघता म्हणाल्या, "बरं." थोड्या वेळाने मी म्हणाले, "परत आली." त्या म्हणाल्या, "बरं."

वर करंजाच्या झाडाखाली दगड आहे. बाई त्यावर बसल्या. बाईंना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्या धापा टाकत होत्या.

"आख्खी चढण बोलत आलीस तू. दम मला लागला," त्या म्हणाल्या. "किती उसळ्या आल्या?"

"दोन."

"डबा पडला?"

मी डब्याकडे बघितलं. पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला होता.

"तुझ्या नातीपेक्षा जड आहे तो," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मनगट पुढे केलं. "बोटं ठेव."

रोज स्वतःची बघून बघून नाडी कशी बघायची ते मला कुणी शिकवायला नको होतं. मी बोटं ठेवली. टप, टप, टप, टप. मग काहीच नाही. मग एक मोठा टप.

"बाई! तुमचं पण?"

"बावीस वर्षं झाली. सगळं तपासून घेतलंय, तुझ्यासारखंच."

"भीती नाय वाटत?"

"वाटते की कधी कधी. मग डबा उचलते."

मी त्या दिवशी उतरणीवरून जवळजवळ पळत घरी आले. हात धुतले आणि सुनीच्या शेजारी बसून म्हणाले, "दे इकडे." तिने पोरगी दिली. मी सुनीला सगळं सांगितलं, तिच्या आजीच्या हंड्यापासून. ती ऐकून रडली आणि मग चिडली, "एवढं होतं तर बोलायचं नाय का? मी काय काय मनात आणलं तुझ्याबद्दल!" पोरगी मांडीवर झोपली होती तेव्हा माझा एक ठोका चुकला. मी वाट बघितली. पोरगी झोपेत ओठ हलवत होती. आणखी एक चुकला. तिने जांभई दिली.

डबीचं काय करू, फेकून देऊ का, असं मी बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "फेकतेस कशाला? भातच आहे तो. पेर." मृगाला मी ते दाणे राबाच्या, म्हणजे रोपांच्या वाफ्याच्या, एका कोपऱ्यात वेगळे पेरले. बहुतेक सगळे उगवले. आवणीला रोपं उपटून बांधाकडेला त्यांच्या दोन ओळी लावल्या. मालक म्हणाले, "मी भरलेलं बी माझ्याच शेतात आलं, बरं झालं."

दिवाळीनंतर बाई रिटायर झाल्या. मुलाकडे बदलापूरला जायचं ठरलं होतं. उपकेंद्राच्या अंगणात खुर्च्या मांडल्या, सरपंच बोलले, मास्तर बोलले. मी बायकांच्या मागे, सुनीबरोबर दिवाळीला आलेल्या नातीला कडेवर घेऊन उभी होते. शेवटी बायका एकेक करून पुढे गेल्या, तशी मीही गेले आणि पिशवीभर तांदूळ त्यांच्या हातात दिला.

त्यांनी लगेच ओळखलं. "डबीतला काय गो? हा खाऊन मला तुझी धडधड लागायची नाय ना?"

एवढ्या माणसांत मी आयुष्यात तोंड उघडलं नव्हतं. पण उत्तर आपोआप आलं. "तुमी खुशाल खा, बाई. तुमची जुनीच आहे."

बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. बाकी कुणाला काही कळलं नाही. मग मला त्यांनी जवळ बोलावलं, पण आशीर्वाद वगैरे काही दिला नाही. नातीच्या पोटाला गुदगुल्या केल्या, उठल्या, छत्री काखेत मारली आणि म्हणाल्या, "चल, रस्त्यापर्यंत सोड मला. चालता चालता सांग, चहा कमी केलास का?"

नव्या नर्सबाई चांगल्या आहेत. त्या खुर्ची देतात आणि बसून ऐकून घेतात. माझा ठोका अजून चुकतो, काल संध्याकाळीही चुकला. परवा सुनीबरोबर आलेली नात आता चालायला लागली आहे, तिच्यामागे धावताना माझ्या ते उशिरा लक्षात आलं. डबीत आता मी सुया ठेवते.